मद्रासचा क्षयप्रयोग आणि संशोधकांची घडण

टोमास मान यांच्या ‘डेर त्साउबरबेर्ग’ (१९२४) या कादंबरीमुळे क्षय आणि आरोग्यधाम यांचे साहचर्य तुलनाकारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. या साहचर्याची शास्त्रीय कसोटी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५६ मध्ये तेथे क्षयरोग-रसायनोपचार केंद्र स्थापन केले. त्यापुढील प्रश्न मुख्यतः आरोग्यसेवेचा होता : खाटा अपुऱ्या असताना गरीब रुग्णाला घरीच बरे करता येईल काय? १९३ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. वर्षअखेर रोग निवळल्याचे प्रमाण घरी ८६, तर आरोग्यधामात ९२ टक्के आढळले.

१९५९ चा हा अहवाल केंद्राच्या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या कुटुंबीयांवरील १९६० च्या निबंधात मात्र मार्गदर्शक वॉलेस फॉक्स यांच्याबरोबर देवदत्त, राधाकृष्ण, रामकृष्णन, वेलु ही नावे लेखक म्हणून येतात. फॉक्स १९६१ मध्ये परतले. केंद्राचे काम थांबले नाही. २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय संस्थेचे नाव मिळाले.

संशोधन परिषदेने १९७९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची अल्प वृत्ती सुरू केली. एवढ्या अवधीत प्रश्न मांडता येतो. उत्तराची जबाबदारी पेलण्यासाठी ज्येष्ठांचा दीर्घ सहवास लागतो. अनुदानाची रक्कम दप्तरात नोंदली जाते. सहवासाची नोंद लेखकनामांच्या क्रमातूनच वाचावी लागते.