पेटीवरचं नाव

कोकणातून निघणाऱ्या आंब्याच्या लाकडी पेटीवर बागायतदाराचं नाव असायचं. कापलेला पत्रा फळीवर धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की आडनाव आणि गाव उमटलं. हे नाव वाचणार कोण, तर मुंबईतला दलाल. गाळ्यावर पेट्यांची थप्पी लागली की कुठली कोणाची हे हमालाला आणि मेहताजीला कळावं, एवढीच त्याची गरज. पेटी फुटली, पेंढ्यातले आंबे टोपलीत गेले, की ते नाव फळीबरोबर चुलीत जायचं. गिरगावात किंवा दादरला आंबा खाणारा माणूस आपला फळवाला ओळखायचा; आंबा पिकवणारा त्याला ठाऊक नसायचा.

आधी क्रॉफर्ड मार्केट आणि पुढे वाशीचा फळबाजार, एवढाच हापूसचा रस्ता. दलाल हंगामाआधी उचल द्यायचा. त्या पैशात फवारणी, राखण, काढणी भागायची, आणि माल त्याच्याच गाळ्यावर जायचा. विक्री झाली की कमिशन, हमाली, गाडीभाडं वळतं करून पट्टी यायची. पट्टीवर लिहिलेला भाव मानायचा. बाजारात जाऊन पडताळणार कोण? दलालाला नुसता खलनायक करणं मात्र मला पटत नाही. मोहोर गळाला त्या वर्षीही उचल देणारा तोच होता, बँक नव्हती.

तरी या रस्त्याला एक पायवाट कायम होती. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी एप्रिलमध्ये ऑफिसात वही काढायचा. ‘गावच्या पेट्या येणारेत, कोणाला किती?’ कारकुनापासून साहेबापर्यंत नावं पडायची, पुढे डझनांचे आकडे. पेट्या ट्रकने नाहीतर एसटीने यायच्या, पैसे पगाराच्या दिवशी. फळ खराब निघालं तर तक्रार थेट टेबलावर, तीही सगळ्यांसमोर. व्हॉट्सॲपवरच्या आंबाविक्रीचं मूळ मला जाहिरातीपेक्षा या वहीत जास्त दिसतं. गिऱ्हाईक मोजकं, ओळखीतलं, आणि विकणारा पळून जाऊ न शकणारा.

वर्तमानपत्रांतल्या ‘अस्सल देवगड हापूस, घरपोच’ अशा छोट्या जाहिराती किंवा पणन मंडळाचे आंबा महोत्सव ही मधली ठाणी. महोत्सवाचा एक फायदा मात्र झाला: स्टॉलवर उभ्या राहिलेल्या बागायतदाराच्या हाती गिऱ्हाइकांचे फोन नंबर लागले. ते पुढे कामाला आले.

२०१६ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचं. जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, म्हणजे पगाराच्या दिवसाची वाट संपली. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप आलं, पुढच्या वर्षअखेरीस त्यात मालाचा कॅटलॉग लावायची सोय झाली. रत्नागिरी-देवगडकडच्या बऱ्याच घरांत हे सगळं फोनमध्ये येऊन पडलं होतं, पण वापर जेमतेम. बाजार चालू असताना कोण कशाला खटाटोप करेल?

मग २०२० चा मार्च. देश बंद झाला तेव्हा हापूस नुकता हाताशी येत होता. वाशी कधी चालू, कधी बंद. आणि झाडावरचा आंबा कुणाच्या आदेशाची वाट बघत नाही. इकडे मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप भाजी आणि दुधासाठी आधीच जुंपलेले. त्यांतच आंबा शिरला. सोसायटीतल्या एकाने यादी करायची, पंचवीस-तीस पेट्या झाल्या की गावाहून टेम्पो, गेटवर पेट्या उतरवायच्या, पैसे फोनवर. ऑफिसातली वहीच ती, फक्त साहेब-कारकुनांऐवजी विंग ए आणि विंग बी.

त्यानंतर ज्यांनी हा धंदा टिकवला, त्यांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. पेटीत एक चिठ्ठी असते: ‘आंबा कच्चा आहे, पेंढ्यातच ठेवा, वास सुटला की खा. आमचा नंबर सेव्ह करून ठेवा.’ शेवटचं वाक्य शिष्टाचाराचं वाटतं, पण सगळं त्यावरच उभं आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या फोनमध्ये नाव लिहून घेतलं, तरच पुढच्या वर्षी दार उघडं.

या धंद्याची खरी परीक्षा साक्याची. वरून पिवळाधमक दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढरट, भुसभुशीत गर निघावा, हे हापूसचं जुनं दुखणं. बाहेरून ते ओळखता येत नाही. पूर्वी साका निघाला की फळवाल्याच्या नावाने बोटं मोडून गप्प बसायचं. आता कापलेल्या फोडीचा फोटो पाच मिनिटांत बागेत पोचतो, कधी सबंध ग्रुपवरच. ‘काकू, किती निघाले? पुढच्या पेटीत तेवढे जास्त घालतो,’ हे उत्तर त्याच ग्रुपवर दिलं की चार नव्या पेट्या जातात. ड्रोनने टिपलेल्या बागेच्या, मागे गाणं लावलेल्या रील्सना लाइक पुष्कळ मिळतात. पेट्या खपतात त्या बहुधा या उत्तरांवर.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर अनोळखी गिऱ्हाईक मिळतं, पण तिथे गाळ्याचं भाडं आहे. २०१८ मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना पुढे आणायचं ठरवलं, तेव्हा धंद्यांची पानं मागे पडली. पुढे यायचं तर पैसे मोजा. कमिशन घेणारा बदलला म्हणायचा. हा नवा तर उचलही देत नाही.

शिवाय ओळखीच्या वर्तुळाबाहेर नाव गेलं की त्याची नक्कल होते. कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात, ही तक्रार जुनीच. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्यावरच्या स्टॉलवर त्याने फार फरक पडला नाही. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि खरंखोटं करून घ्यायचं. पेटीवरचं नाव असं फळाच्या सालीवर आलं.

अजूनही भरपूर माल वाशीलाच जातो. फेब्रुवारीतल्या पहिल्या पेट्यांना जो चढा भाव बाजारात मिळतो, तो सोसायटीच्या ग्रुपवर मागायला बागायतदारालाच संकोच वाटतो. एप्रिल-मे महिन्यांतला चांगला माल फोनवरच्या गिऱ्हाइकांना. आणि पाऊस तोंडावर आला की उरलेला, डागी, लहान आंबा क्रेटमध्ये भरून कॅनिंगच्या कारखान्यात. तिथे नाव कोणी विचारत नाही, भाव किलोवर ठरतो.