गिटारचा हात कसा घडत गेला

गिटार शिकणाऱ्याला मिळणारे सल्ले ठरलेले असतात. डावा पाय फूटस्टूलवर ठेवा, उजव्या हाताची नखे जपा, रोज स्केल वाजवा, अवघड जागा आधी संथ लयीत बसवा. पण हे सल्ले कुणा एका गुरूने एकाच वेळी सांगितलेले नाहीत. बहुतेकांच्या मागे त्या त्या काळच्या वाद्याची एखादी अडचण आहे, आणि काहींच्या मागे तर चक्क भांडण आहे.

सुरुवात सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये होते. लुईस मिलानचे ‘एल मायेस्त्रो’ हे पुस्तक १५३६ साली वालेन्सियात छापले गेले. ते गिटारच्या जवळच्या नात्यातल्या विहुएला या वाद्यासाठी होते. त्यात रचना सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या आहेत, आणि कोणती संथ वाजवायची, कोणती जलद, हेही शब्दांत सांगितले आहे. संगीत टॅबमध्ये लिहिले आहे, म्हणजे रेघा तारांच्या आणि आकडे पडद्यांचे. वरची रेघ सर्वांत बारीक तारेची, ही आजच्या टॅबची रीत मिलानचीच. त्याच्यानंतरच्या स्पॅनिश विहुएलावादकांनी मात्र ती उलटी वापरली.

गिटार तेव्हा साथीचे, चारचौघांचे वाद्य होते. जोआन कार्लेस आमात या कातालान डॉक्टराने १५९६ साली बार्सिलोनात काढलेली छोटी पुस्तिका याच मंडळींसाठी होती. पाच जोडतारांच्या गिटारवर बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड कसे धरायचे ते त्याने दाखवले, त्यांना क्रमांक दिले आणि ते एका चक्रात मांडले. आकडे पाठ झाले की कोणतेही गाणे कोणत्याही पट्टीत धरता येई. ही पुस्तिका पुढे दोन शतके पुनःपुन्हा छापली गेली. १६७४ साली सारागोसात निघालेल्या गास्पार सान्सच्या ग्रंथाने मात्र पुढची पायरी गाठली. नुसते झंकारत वाजवणे आणि एकेक तार छेडून वाजवणे अशा दोन्ही रीती त्यात शेजारी शेजारी शिकवलेल्या आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा गेल्या आणि सहा सुट्या तारा आल्या. फेदेरिको मोरेत्तीने १७९९ साली माद्रिदमध्ये काढलेल्या पद्धतीत खर्ज आणि वरची चाल वेगवेगळी लिहिलेली दिसते. आता एकाच हाताने दोन-तीन स्वतंत्र ओळी चालवायच्या होत्या, त्यामुळे उजव्या हाताचे कोणते बोट कुठे हा प्रश्न कळीचा झाला. माउरो जुलियानीने १८१२ साली व्हिएन्नात त्याचे उत्तर दिले. त्याच्या पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकात उजव्या हाताचे १२० पलटे आहेत आणि सगळे दोनच कॉर्डवर, सी मेजर आणि जी सेव्हन्थ. डाव्या हाताने काही करायचेच नाही. ते दोन आकार धरून बसायचे आणि सगळे लक्ष अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांच्या क्रमावर द्यायचे. एका हाताला स्वस्थ बसवून दुसऱ्याला तयार करण्याची ही युक्ती इतकी पक्की निघाली की ते पलटे आजही जसेच्या तसे वाजवले जातात.

याच सुमारास नखांचा वाद पेटला. बार्सिलोनाचा फेर्नांदो सोर पॅरिसमध्ये स्थायिक झाला होता. त्याची पद्धत १८३० साली निघाली. तिच्यात पलटे थोडे आणि युक्तिवाद फार. हाताच्या हालचालीचा विचार तो भूमितीच्या आकृत्या काढून करतो. वादन मुख्यतः अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने करावे आणि अनामिका गरजेपुरती वापरावी, असे त्याचे मत. त्या काळची गिटार लहान होती, मांडीवर घसरायची, म्हणून तो ती टेबलाच्या कडेला टेकवायला सांगतो. नखाचा आवाज त्याला सोसत नसे. अपवाद एकच, त्याचा मित्र दिओनिसियो आग्वादो. तो नखांनी वाजवी आणि वेग व झळाळी नखांशिवाय येत नाही असे मानी. गिटार घसरण्यावर त्याचा उपाय म्हणजे ‘त्रिपोदियॉन’ नावाची तिपाई. वाद्य तिच्यावर बसवले की शरीराला ते धरावे लागत नसे. मतभेद असे पक्के, तरी दोघे पॅरिसमध्ये एकाच हॉटेलात राहत आणि सोरने दोघांनी मिळून वाजवायला ‘दोन मित्र’ नावाची रचना लिहिली.

टेबल आणि तिपाई दोन्ही नंतर अडगळीत गेली, त्याचे श्रेय आन्तोनियो दे तोरेसकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या स्पॅनिश कारागिराने गिटारचे पोट मोठे केले, वाजत्या तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटरवर स्थिरावली. असे वाद्य डाव्या मांडीवर नीट बसते, फक्त डावा पाय थोडा उंच हवा. तोरेसच्या गिटारवर वाजवणाऱ्या फ्रान्सिस्को तार्रेगाने फूटस्टूलवर पाय ठेवून बसण्याची ही ढब रूढ केली. तार छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकवायचे, म्हणजे सूर भरीव निघतो, ही रीतही त्याच्याच शिष्यपरंपरेतून पसरली. स्वतः त्याने पद्धत लिहिली नाही. ते काम त्याचा शिष्य एमिलियो पुहोल याने केले. त्याच्या पहिल्या खंडाचे साल १९३४. नखांचा वाद तार्रेगाच्या घरीही मिटला नाही. उतारवयात तार्रेगाने नखे कापली. पुहोल त्याच वाटेने गेला, तर दुसरा शिष्य मिगेल ल्योबेत नखांनीच वाजवत राहिला.

निकाल लागला तो मोठ्या सभागृहांमुळे. गिटारवादक आन्द्रेस सेगोवियाला मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता. तारेवर आधी बोटाचे मांस आणि लगेच नख, असा दुहेरी आघात तो करी. दुसऱ्या महायुद्धात तारांसाठी लागणाऱ्या आतड्याच्या तातीची टंचाई झाली, कारण शस्त्रक्रियेचे टाके घालायला तीच लागे. त्यातून आल्बर्ट ऑगस्टीनच्या नायलॉनच्या तारा आल्या. दमट हवेत ढिली पडणारी, नखाने कुरतडली जाणारी तात हटली आणि नखे कायमची स्थिरावली. १९४५ साली सेगोवियाने सोरचे २० अभ्यास निवडून आपल्या बोटांच्या खुणांसह छापले. गंमत अशी, की नखांचा तिटकारा असलेल्या सोरचे अभ्यास आता जगभरचे विद्यार्थी नखांनी आणि अनामिकेसकट घोटू लागले. १९५३ साली सेगोवियाची स्केलची पुस्तिका निघाली. तिच्यातला रोज दोन तास स्केलचा सल्ला सर्वश्रुत झाला. एवढा वेळ एकाच गोष्टीवर घालवावा का, यावर शिक्षकांचे आजही एकमत नाही. उरुग्वेच्या आबेल कार्लेवारोने १९७९च्या ग्रंथात वेगळेच सांगितले: बोट ताणू नका, अख्खा दंड हलवून बोटाला त्याच्या जागी न्या.

ग्रंथांबाहेर आणखी एक शाळा भरत होती, ग्रामोफोनची. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ वर लावली की लय निम्मी होते आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. ही संथ गती मुळात बोलक्या पुस्तकांसाठी होती. जॅझ आणि ब्लूजच्या वादकांनी तिचा उपयोग वेगवान ताना उकलायला केला. पट्टी बदलत नसल्याने सूर शोधणे सोपे जाई. या ऐकून शिकण्याच्या जोडीला पुस्तकेही आली: पिकने वाजवणाऱ्यांसाठी बॉस्टनच्या बर्कली संस्थेतल्या विल्यम लेव्हिटने १९६६ साली स्टाफ नोटेशनवर आधारलेली पद्धतशीर पुस्तकमालिका सुरू केली.

मुंबई, पुणे आणि गोव्यात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी-परीक्षांमुळे ग्रंथांची आणि ऐकून शिकण्याची, अशा दोन्ही शाळा रुजल्या आहेत. क्लासिकल गिटारच्या विद्यार्थ्याला सोर, जुलियानी यांच्यासारख्यांच्या रचना आणि स्केल करावी लागतात. रॉक अँड पॉपचा विद्यार्थी रेकॉर्ड केलेल्या साथीबरोबर गाणी वाजवतो.