गिर्यारोहकाची गाठ

आम्हा कचेरीतील माणसांचा गाठीशी संबंध येतो तो फायलीच्या फितीपुरता. ती सुटली तर फार झाले कागद विखुरतात. कड्यावर चढणाऱ्याची गाठ सुटली, तर तो प्राणास मुकतो. म्हणूनच कमरेला दोर कोणत्या गाठीने बांधावा, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१४ जुलै १८६५ रोजी आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न हे शिखर प्रथमच सर झाले. उतरताना सातही जण दोराने परस्परांस बांधलेले होते. तरुण हॅडो याचा पाय घसरला. त्याच्याबरोबर क्रो, हडसन आणि लॉर्ड डग्लस ओढले गेले. डग्लस व त्यामागील वाटाड्या थोरला टाऊगवाल्डर यांच्यामधील दोर तुटला आणि चौघे दरीत गेले. थोरल्या टाऊगवाल्डरने दोर कापला, असा प्रवाद उठला; पण चौकशीत तो निर्दोष ठरला. त्या ठिकाणी जुना, कमकुवत दोर वापरलेला होता. त्याचा तुकडा त्सेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या दिवशी गाठींनी दगा दिला नाही. दगा दिला तो दोराने.

त्या काळी दोर असे तो अंबाडीसारख्या वाखाचा, आणि तो सरळ कमरेभोवती बांधला जाई. याकरिता गिर्यारोहकांनी खलाशांची बोलाइन ही गाठ उचलली. दोराला एक लहान वेढा द्यावयाचा, त्यातून टोक वर आणावयाचे, ते मूळ दोरामागून फिरवून पुन्हा त्याच वेढ्यातून खाली घ्यावयाचे, की झाली गाठ. कितीही ताण आला तरी तिचा फास आवळत नाही, आणि काम संपल्यावर ती सहज सुटते. दोराच्या मधल्या माणसाचा प्रश्न मात्र वेगळा, कारण त्याच्या हाती टोकच नसते. १९२८ साली आल्पाइन क्लबाच्या नियतकालिकात राइट आणि मॅगोवन यांनी अशा माणसासाठी ‘फुलपाखरू’ गाठ सुचविली.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा दोर आला. तो बळकट व ताणला जाणारा खरा, परंतु वाखाच्या मानाने गुळगुळीत. १९५३ साली जर्मनीत गाभा व वेष्टण असलेला दोर निघाला. ताठ, निसरड्या दोरातील बोलाइन भार नसताना हलत राहिली की सैल होऊ लागते. म्हणून उरलेल्या टोकाची आणखी एक गाठ मारणे आवश्यक ठरले. शिवाय नुसत्या कमरेवर लोंबकळणाऱ्याचा श्वास काही मिनिटांतच कोंडू लागतो. १९७० च्या अन्नपूर्णा मोहिमेसाठी डॉन व्हिलान्सने मांड्यांनाही आधार देणारा पट्ट्यांचा कमरबंध तयार केला. असे कमरबंध रूढ झाले, तशी आठाच्या आकड्याची गाठ पुढे आली. (हा आठ इंग्रजी, बरे का, श्रोतेहो! आपल्या ‘८’शी तिचे काही साम्य नाही.) प्रथम दोरावर आठ काढावयाचा, टोक कमरबंधातून ओवावयाचे आणि त्याच वाटेने परत न्यावयाचे. पडल्यानंतर ती इतकी आवळते की सोडवताना बोटे दुखतात. तरी शिक्षक हीच का शिकवतात? कारण तिचे जोडपदरी रूप दुरूनही ओळखू येते. बरोबर बांधली की नाही, हे सोबत्याला एका दृष्टिक्षेपात कळते. माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण होय. बोलाइनचे पक्षपाती अजूनही आहेत. वारंवार पडणाऱ्या कसलेल्या चढाऊंना सहज सुटणारी गाठच सोयीची वाटते.

सोबत्याच्या नजरेचे मोल १९८९ च्या मे महिन्यात दिसून आले. फ्रान्समधील ब्यू येथे लिन हिल ही जगद्विख्यात अमेरिकन गिर्यारोहक चढावयास निघाली. दोर कमरबंधातून ओवला, मध्येच लक्ष दुसरीकडे गेले, आणि गाठ राहूनच गेली. वर पोहोचून तिने दोरावर भार टाकला, तेव्हा ती सुमारे २२ मीटर खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांनी आघात झेलला व ती बचावली. पुढे १९९३ साली एल कॅपिटनवरील ‘नोज’ हा मार्ग केवळ हातापायांच्या बळावर चढणारी ती पहिली व्यक्ती ठरली. आता चढाई सुरू होण्यापूर्वी दोघांनी परस्परांच्या गाठी पाहावयाच्या, ही रीत शिकाऊ वर्गातच शिकवली जाते.