हरणं कोणाच्या वावरात?

चपला इथंच काढा. पांढरा शर्टही उतरवा. आज ज्यांच्या नजरेतून निसटायचं आहे त्यांना पांढरं दोन वावरांपलीकडून दिसतं. मातकट धोतर गुडघ्यापर्यंत खोचा, खांद्यावर घोंगडी टाका. मोबाइल ठेवायला खिसाच उरला नाही, तो प्रश्न मिटला. अत्तर लावलंय? राहू द्या. त्याचं काय होतं ते पुढे कळेल.

आपण उतरतोय पूर्णेच्या खोऱ्यात, मूर्तिजापूरच्या आसपास, १९१० सालाच्या आगेमागे, ऐन पौषात. अजून उजाडायचं आहे. थंडी अंगाला भिडण्याआधी कानावर घुंगरं येतात. पांदणीतून कापसाच्या बंड्या चालल्या आहेत, एकीमागे एक, रात्रभर चालल्या आहेत. गाडीवान कापसाच्या ढिगावरच घोरतायत, कारण जिनाचा रस्ता बैलांना पाठ आहे. चाकाखालची काळी धूळ पिठासारखी मऊ आणि बर्फागत गार, घोट्यापर्यंत पाय बुडतो. कापसाचं तूस नाकात जातं, तुम्हाला शिंक येते, एक बैल मान वळवून पाहतो. लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू येते. मुंबई-नागपूर गाडी इथून १८६७ पासून धावतेय, त्यामुळे दचकायचं तुम्हालाच. बैलांना काही नाही.

पांदण सोडा. ते हिवराचं झाड दिसतंय, त्याच्याखाली चार-सहा पालं. कुत्री आधी अंगावर येतील, मग शेपटी हलवतील. पऱ्हाट्यांचा जाळ तडतडतोय, धुरानं डोळे चुरचुरतात. दोरीवर मांसाचे पट्टे वाळत घातलेत, त्यांचा खारट, धुरकट वास घोंगडीत बसतो आणि दिवसभर निघत नाही. हा फासेपारध्यांचा बेडा. काल संध्याकाळी इथं आला, आणि या गावच्या शिवारात त्यांची ही पहिलीच खेप आहे.

बसा. गाडग्यातलं पाणी प्या. तोंड वाकडं झालं? हा खारपाणपट्टा आहे बाप्पा! अकोला-अमरावतीच्या या पट्ट्यात विहीर खणली की मिठाचं पाणी लागतं. उन्हाळा असता तर गोड्या पाण्याचा एखादा झिरा शोधून तिथंच दबा धरला असता, कारण हरणालाही पाणी लागतंच. पौषात मात्र दव आहे, हिरवा हरभरा आहे. हरिण पाण्याला बांधलेलं नाही, म्हणून आज सगळं शिवार पायाखाली घालायचं आहे.

कुठून सुरुवात करायची ते बायकांनी कालच ठरवून टाकलंय. त्या गावात भाकरी मागायला गेल्या होत्या, आणि भाकरीबरोबर गावाचं गाऱ्हाणंही पदरात घेऊन आल्या: कोणाचा हरभरा खाल्ला, कोणाचा सालदार रात्र रात्र डबा बडवतोय, कोणत्या धुऱ्यावर काळवीट उभं असतं. पारध्यांतलेच टाकणकर जात्यांना टाकी लावत घरोघर फिरतात, तेही असंच काहीबाही ऐकून येतात. साहेबांच्या शिकारीच्या पुस्तकांत या बातमीदारांचा उल्लेख फारसा सापडत नाही. तिथं साहेब तंबूतून उठतो, बंदूक घेतो आणि समोर काळवीट हजर असतं. ते कोणी शोधून ठेवलं, हे विचारायचं नाही.

पण वावर कोणाचं तरी असतं. परक्या वावरात पारध्यानं नुसतं पाऊल टाकलं तरी गावात चार महिन्यांपूर्वी झालेली चोरी त्याच्या नावावर चढते. म्हणून आधी पाटलाचा वाडा. बेड्यातला म्हातारा तुम्हाला मागं उभं करतो आणि स्वतः ओट्याखाली उकिडवा बसतो. पाटील तोंडात कडुनिंबाची काडी घेऊन बाहेर येतात.

"कोन्या गावचे रे तुमी?"

"फिरस्ते हावो पाटील. तुमच्या हरभऱ्याले हरनं लागले म्हनते."

"लागले? शेंडा ठेवून नाई रायले! माहा सालदार जागून जागून अर्धा झाला."

"पाहून येतो मंग, तुमचा हुकूम असंन त."

पाटील काडी थुंकतात. तुमच्याकडं बघतात, तुमचे पाय फार स्वच्छ आहेत हे त्यांच्या लक्षात आलेलं आहे. "पाहा. पन कापसाच्या बोंडाले हात लावला त याद राखा. अन् एक फरा इकडं आला पायजे. समोरून नोका आनू. मागच्या दारानं." हे शेवटचं वाक्य हळू आवाजात, कारण आत आईसाहेबांच्या गळ्यात माळ आहे.

करार झाला. कागद नाही, अंगठा नाही. पाटलाचं पीक वाचेल, बेड्याला मांस मिळेल. खरं सांगायचं तर वऱ्हाडात शिकार अशीच चालायची. पारध्याची गरज शेतकऱ्याला होती, आणि गरज संपली की त्याच पारध्याला हाकलायची घाईही त्यालाच असायची.

आणखी एक, विसरायच्या आत सांगून ठेवतो. आज जे पाहाल ते परत आल्यावर करून बघू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याला मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. तेव्हा डोळे उघडे ठेवा, हात घोंगडीत.

आता वावरात शिरा. हरभरा दवानं ओला आहे. दोन तासांमधून चालताना पानांवरची आंबट आंब पोटऱ्यांना लागते. रात्री काट्यांनी ओरबाडलं असेल तिथं ती अशी झोंबते की तुम्ही नाचता. म्हातारा बघतो, हसत नाही. त्याचं लक्ष शेंड्यांवर आहे. एक झाड तो दोन बोटांत धरतो आणि तुमच्यासमोर करतो. शेंडा नीट खुडलेला, वरचा कोवळा भाग तेवढा गेलाय. पुढच्या तासात मात्र झाडं मुळासकट उपसलीत, माती उकरलीय: ते डुकराचं काम. पलीकडं तुरीच्या फांद्या तुमच्या खांद्याच्या उंचीवर मोडल्यात: तो रोही, म्हणजे नीलगाय. एकाच वावरात तीन जनावरं जेवून गेलीत. पाटलाच्या हिशेबी ती सगळी 'हरनं'. म्हाताऱ्याला त्यांतलं एकच हवंय.

मग तो खाली बसतो. तुम्हीही बसा, गुडघे कुरकुरले तरी. काळ्या मातीवर दोन टोकदार पाकळ्या उमटल्यात, कडा अजून तीक्ष्ण. ऊन चढलं आणि वारा सुटला की या कडा ढासळतात, म्हणून हे पाऊल पहाटेचं. त्याच्या शेजारचं दुसरं, कडा गोल झालेलं, परवाचं असावं. पाकळ्या जवळजवळ आहेत, म्हणजे जनावर सावकाश चाललं होतं; पळालं असतं तर फाकल्या असत्या. म्हातारा ही पावलं बघत बघत जातो. मध्येच त्याचा नातू तोंडाजवळ मूठ धरून तितराचा आवाज काढतो आणि धुऱ्यावरच्या बोरीतून खरा तितर रागारागानं उत्तर देतो. नातू जागा लक्षात ठेवतो. उद्याची नाही तर परवाची भाजी.

पावलं धुऱ्यापाशी येतात आणि पलीकडं ई-क्लासात उतरतात. गावच्या गुरांसाठी राखलेलं हे सरकारी पडीत रान. कमरेएवढं गवत, पवन्या, मारवेल आणि कुसळी. कुसळं धोतरात अशी घुसतात की चालणं म्हणजे टोचून घेणं. इथं सगळा उलगडा होतो: कळप रात्री मालकीच्या वावरात जेवतो आणि दिवसा गवतात बसून रवंथ करतो. मध्ये आहे तो हा धुरा.

गवत जिथं खुरटं आहे तिथं लेंड्यांचा ढीग आहे. काळविटाचा नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, ती त्याच्या हद्दीची खूण. वरच्या लेंड्या काळ्या, चकचकीत; खालच्या पांढुरक्या. म्हातारा वरची एक अंगठ्याखाली फोडतो. आत हिरवट, ओलसर, नुकत्याच चघळलेल्या हरभऱ्याचा आंबूस वास. तो तुमच्या नाकापाशीही धरतो, नाही म्हणू नका. मग तो शेजारच्या बोरीची काडी दाखवतो. तिच्या टोकावर डांबरासारखा काळा, चिकट ठिपका आहे. काळवीट डोळ्यापुढच्या ग्रंथीतून हा रस काडीला पुसतो. ठिपका बोटाला चिकटतो, म्हणजे मालक आज सकाळी इथं येऊन गेला. पाटलाच्या मालकीचा कागद वाड्यातल्या पेटीत असेल. याचा इथं काडीवर आहे.

"खाली!"

हा शब्द तुम्ही ऐकता तोवर म्हातारा गवतात नाहीसा झालेला असतो. पडा. छातीखाली ढेकळं, तोंडापुढं कुसळं, कानाशी माशी. समोर पन्नासेक कासऱ्यांवर कळप आहे. बदामी माद्या, पाठीवरून ऊन ओघळतंय, आणि मध्ये तो, वरून काळाभोर, पोट पांढरंशुभ्र, पिळाची शिंगं मागं टाकून नाक वर धरून तोऱ्यात चालतोय. तुम्हाला आठवतं, अत्तर! वारा पाठीमागून कळपाकडंच वाहतोय. तुम्ही घाबरून म्हाताऱ्याकडं बघता. त्याला वाऱ्याची पर्वा नाही. काळवीट उघड्या माळाचं जनावर, त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर. तुमच्या वासापेक्षा तुमचं डोकं धोक्याचं आहे, आणि ते तुम्ही आत्ताच वर काढलंत.

एक मादी मान उंचावते. ती जागच्या जागी उभी उसळी घेते, मग दुसरी, मग सगळा कळप उड्यांवर उड्या घेत निघतो. तुम्ही नराकडं बघत राहता, कारण कोणीही त्याच्याकडंच बघेल. म्हातारा माद्यांकडं बघतोय. पुढं मादी असते, वाट तीच काढते. ती धुऱ्याच्या एका खिंडारातून गेली, बाकीचे तिच्यामागं. बंड्यांनी पाडलेलं ते खिंडार, दोन्ही बाजूंना बाभळीची काटेरी वई. म्हातारा उठतो, अंगावरची माती झटकतो. ओरडत नाही. तुमच्या चुकीनं वाट उघडी पडली, एवढाच त्याचा निष्कर्ष.

जागा ठरली. पहाटे खिंडाराच्या अलीकडं गवतात लांब दोरी अंथरायची, तिच्यावर तातीचे फासे ओळीनं, खुंट्या ठोकून. पायानं फासा ओढला की तो आवळतो. पळवायचं मात्र नाही. पळणारा कळप कुठंही फुटतो. त्याला नुसतं अस्वस्थ करायचं, चरत चरत खिंडाराकडं सरकवायचं, आणि ते काम शिकवलेला बैल करतो. बैलाला हरणं भीत नाहीत. बैलाच्या आड माणूस असतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींचे चार खंड छापले, त्यातही बैलाआडून शिकार करणाऱ्या पारध्यांची नोंद आहे.

आणि अडकलं ते सगळं मारायचं नसतं. गाभण मादी, पाडस सापडलं तर फासा सोडवून द्यायचा. हे मी तुम्हाला खूश करायला सांगत नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांचा अभ्यास करून हा रिवाज १९८३ मध्ये नोंदवलाय. ज्याला पुढच्या पौषात याच वावरात यायचंय त्याला हे परवडतं. बंदूकवाल्या पाहुण्याला नाही. मला विचाराल तर वऱ्हाडातली काळविटं फाश्यांनी संपवली नाहीत. गवत नांगराखाली गेलं, जीप आल्या, रात्रीचे झोत आले. आता लोक ती कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात जाऊन दुर्बिणीतून बघतात, आणि त्यांची वाट जाणणारे बेडे गावाबाहेर मजुरीला बसलेत.

असो. परत पालावर चला, ऊन डोक्यावर आलंय. ज्वारीची भाकर, मिरचीचा गोळा, कांदा. मिरची अशी की कानातून वाफ निघावी, वर ते खारं पाणी. म्हातारा जेवताजेवता कामं वाटतोय. फासे नातवानं मांडायचे. डाव्या अंगाला त्याची मोठी मुलगी, उजवीकडं जावई. तुम्ही आशेनं बघता. तो तुमचे पाय बघतो, कुसळांनी भरलेलं धोतर बघतो, आणि अंगठ्यानं हिवराखाली बांधलेल्या बैलाकडं दाखवतो. तुम्हाला त्याच्या आड चालायचंय, वाकून, सकाळभर, शिंक न देता. आत्ताच जाऊन त्याच्यासमोर मूठभर कडबा टाका. रात्रीतून ओळख झालेली बरी. सकाळी पांदणीत वळून तुमच्याकडं बघणाऱ्या त्या बैलापेक्षा हा जास्त तापट आहे, आणि लाथ तो उजव्या पायानं मारतो.