शिरूरचे नाव, कावेरीचा मासा

गळाच्या शिकारीसाठी इंग्रजांनी काश्मीर आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत ट्राउट आणून सोडला. पाटसच्या उत्तरेने वाहणाऱ्या भीमेच्या उबदार पाण्यात तो तगणे शक्य नव्हते. दख्खनच्या शौकिनांचा मासा होता महाशीर.

या परिसराने मत्स्यशास्त्राला दोन नावे दिली. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या ‘खुद्री’चे आणि शिरूरच्या घोड नदीतल्या ‘मुसल्ला’चे वर्णन केले. खुद्री महाशीर आहे, मुसल्ला नव्हे. तरीही मुसल्ला हे नाव कावेरीतल्या प्रचंड, कुबडवाल्या महाशीरला चिकटले. गळवाल्यांत जगभर गाजलेला हा मासा शास्त्रात मात्र उसन्या नावानेच वावरला.

दरम्यान लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रातली खुद्रीची पिल्ले कावेरीत सोडली गेली. खुद्री तिथे फोफावला, कुबडवाला आटत गेला. वैध नाव नसल्याने संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याची नोंदही होईना. अखेर २०१८ मध्ये ‘टोर रेमादेवीआय’ ही त्याची ओळख पक्की झाली, आणि मग तो अतिसंकटग्रस्त ठरला.

माशाचे नाव चुकले, की त्याचे मरणही नोंदीत येत नाही.