वापिटीच्या पंखाखाली

आम्हा नगरकरांकडे पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या. भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल आणि रणगाडा संग्रहालय. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलंय, की पॅटन आणि सेंच्युरियन मला लांबून ओळखू येतात. १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन पाहुण्यांना दाखवताना आवाज आपोआप चढतो.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला गेलो होतो. हाताशी एक दिवस मोकळा होता. लाल किल्ला, कुतुबमिनार सोडून मी पालमचं हवाई दलाचं संग्रहालय गाठलं. नगरमध्ये जमिनीवरचं युद्ध पाहिलं होतं, आता आकाशातलं पाहू, एवढाच विचार.

हँगरमध्ये स्पिटफायर, हरिकेन अशी नावाजलेली मंडळी होती. मी मात्र थबकलो एका जुनाट, दुहेरी पंखांच्या विमानापाशी. वेस्टलँड वापिटी. सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, वैमानिकाला बसायला उघडी जागा. शेजारचा एक शाळकरी मुलगा वडिलांना म्हणाला, "पप्पा, याला तर कापड लावलंय!" त्याला ते खेळणं वाटलं असावं. पण आपल्या हवाई दलाची सुरुवात याच जातीच्या विमानांनी झाली.

हवाई दलाची अधिकृत स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली तुकडी उभी राहिली. तिच्याकडे होतं काय? चार वापिटी, सहा भारतीय अधिकारी आणि १९ हवाई शिपाई. त्याआधी भारतीय माणूस विमान चालवू शकेल, दुरुस्त करू शकेल, यावरच अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे ही चार कापडी विमानं हवेत झेपावली, ही साधी गोष्ट नव्हती.

पण ही विमानं वापरली कुणावर?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरनं शिपायांबरोबर दोन चिलखती गाड्याही आणल्या होत्या. गल्ली अरुंद, म्हणून त्या बाहेर राहिल्या. ही हकिकत आपल्याला शाळेपासून माहीत असते. दुसऱ्या दिवशीची फारशी कुणी सांगत नाही. १४ एप्रिलला पंजाबातल्याच गुजरांवाला गावात लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर लाहोरहून विमानं पाठवली गेली. विमानांतून बॉम्ब पडले, मशीनगन चालल्या. पुढे हंटर समितीपुढे त्याची चौकशीही झाली. गल्लीच्या रुंदीचा प्रश्न विमानाला पडत नाही.

राज्यकर्त्यांना ही सोय पटली होती. डोंगराळ सरहद्दीवर पायदळ पाठवायचं म्हणजे खर्च, वेळ आणि आपली माणसं मरायची. त्यापेक्षा वरून बॉम्ब टाकणं स्वस्त. १९२५ साली वझिरिस्तानात जवळपास दोन महिने फक्त विमानांच्या जोरावर मोहीम चालवली गेली. रिचर्ड पिंक या अधिकाऱ्याच्या नावावरून ती 'पिंकचं युद्ध' म्हणून ओळखली जाते. आणि १९३७ मध्ये आपल्या पहिल्या तुकडीच्या वापिटी लढाईत उतरल्या त्या याच वझिरिस्तानात, मिरानशाहच्या तळावरून. समोर होते इंग्रजांविरुद्ध उठलेले टोळीवाले.

आता या विमानापुढे उभं राहून काय वाटून घ्यायचं? अभिमान, की लाज? मला दोन्ही वाटलं, आणि एकानं दुसरं पुसलं गेलं नाही.

त्या पहिल्या वैमानिकांना सहज देशद्रोही ठरवता येईल, पण ते सोपं उत्तर आहे. त्यांच्यातलेच एक सुब्रतो मुखर्जी. आमच्या नगरच्या किल्ल्याची गोष्ट इथे जोडून पाहा. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू याच किल्ल्यात कैदेत होते. त्याच वर्षांत भारतीय वैमानिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या झेंड्याखाली हरिकेन उडवत होते. पुढे १ एप्रिल १९५४ रोजी मुखर्जी हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, तेव्हा पंतप्रधान होते नेहरू. इंग्रजांचा कैदी आणि इंग्रजांचा वैमानिक, दोघांनी मिळून नव्या देशाचा गाडा ओढला.

पालमला एक भलंमोठं लिबरेटर बॉम्बफेकी विमानही आहे. महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी अशी कितीतरी अमेरिकी विमानं कानपूरला सोडून दिली. पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोडही केली. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून उडण्याजोगी विमानं वेचली, कामापुरती दुरुस्त केली आणि मुन्शी नावाच्या वैमानिकानं ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. तिथे ती नीट उभी केली गेली आणि त्यांनी १९६८ पर्यंत सेवा दिली. दुसऱ्याचं हत्यार आपलं होतं ते असं, हाताला ग्रीस लावून. ज्यांनी नटबोल्ट आवळले, त्यांची नावं मात्र आपल्याला पाठ नसतात.

बाहेर पडताना नॅट दिसलं. आकारानं चिमुकलं, १९६५ मध्ये पाकिस्तानी सेबर विमानांना भारी पडलेलं. त्याच युद्धात आपलं एक नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि त्यांच्या हाती लागलं. आज ते कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. तिथेही एखादा यजमान पाहुण्यांना ते दाखवत असेल, आणि त्याचाही आवाज चढत असेल. जसा माझा पॅटनपाशी चढतो.

म्हणून सांगतो, संग्रहालयात जरूर जा, सेल्फीही काढा. पण प्रत्येक यंत्रापुढे तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे कुणी चालवलं? हे कुणी दुरुस्त केलं? आणि हे ज्याच्यावर चाललं, तो कोण होता? पहिल्याचं उत्तर बहुधा समोरच्या पाटीवर मिळतं. दुसऱ्यासाठी जुन्या कामगारांशी बोलावं लागतं. तिसऱ्यासाठी कधीकधी सीमेपलीकडची पुस्तकं उघडावी लागतात. तेवढे कष्ट घेतले, तर समोरचं लोखंड नुसतं लोखंड राहत नाही.