कोळंबी संवर्धनातील सूक्ष्मशैवाल

कोळंबी संवर्धनातील सूक्ष्मशैवाल म्हणजे निमखाऱ्या पाण्याच्या संवर्धन तलावांत वाढणाऱ्या एकपेशीय प्रकाशसंश्लेषी जीवांचा समूह होय. डायाटम अर्थात करंडक वनस्पती, हरित शैवाले, नील-हरित शैवाले आणि डायनोफ्लॅजेलेट हे त्यांतील प्रमुख गट आहेत. नील-हरित शैवाले वस्तुतः जीवाणू असली, तरी मत्स्यसंवर्धनात त्यांची गणना शैवालांतच केली जाते. तलावातील पाण्याचा रंग मुख्यतः या जीवांमुळे येतो. तपकिरी छटा डायाटमचे, तर हिरवी छटा हरित शैवालांचे प्राबल्य दर्शवते.

बीजोत्पादनातील उपयोग

कोळंबीची अळी नॉप्लियस अवस्थेत अंगच्या पीतकावर जगते. त्यानंतरच्या झोइया अवस्थेत ती प्रथमच बाहेरचे अन्न घेते आणि ते अन्न म्हणजे सूक्ष्मशैवाल. जपानी शास्त्रज्ञ मोतोसाकू फुजिनागा यांनी कुरुमा कोळंबीच्या अळ्या स्केलेटोनेमा या डायाटमवर वाढवल्या. त्यांचे यासंबंधीचे संशोधन १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आधुनिक कोळंबी बीजोत्पादनाचा पाया त्यातून घातला गेला. आज बीजोत्पादन केंद्रांत किटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा इत्यादी डायाटमचे स्वतंत्र संवर्धन करतात. झोइयाच्या टाकीत दर मिलिलिटरमागे सुमारे १ लाख पेशी राखल्या जातात.

तलावातील कार्य

पूर्वी भरतीचे ताजे पाणी वारंवार घेऊन तलावातील घाण बाहेर काढली जात असे. १९९४-९५ च्या सुमारास भारतात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग पसरला. हा विषाणू खाडीच्या पाण्यातून आणि त्यातील खेकड्यांसारख्या वाहकांमार्फत येतो, हे लक्षात आल्यावर पाणी बदलण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. २००९ पासून व्हेनामी या जातीच्या दाट संवर्धनाला परवानगी मिळाली. परिणामी पूर्वी भरती-ओहोटी जे काम करीत असे, त्याचा बराच भार तलावातल्याच शैवालांवर आणि जीवाणूंवर येऊन पडला.

खाद्यातील नायट्रोजनपैकी साधारणतः एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच कोळंबीच्या शरीरात साठतो. उरलेल्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. शैवाले हा अमोनिया शोषून घेतात आणि दिवसा ऑक्सिजन सोडतात. त्यांच्या सावलीमुळे तळाशी शेवाळाचे थर वाढत नाहीत. असे थर पुढे सुटून वर तरंगतात व बांधाच्या कडेला कुजतात.

मात्र हीच शैवाले रात्री श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातील ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि तो लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये, अशी दक्षता घेतात. दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने सामू वाढतो व रात्री पुन्हा उतरतो. पाण्याची अल्कता पुरेशी असल्यास हा चढउतार मर्यादित राहतो. सामू आणि अमोनिया यांचा संबंध विशेष महत्त्वाचा आहे. सामू ८ असताना एकूण अमोनियातील थोडेच टक्के विषारी, अनायनित रूपात असतात. उष्ण हवामानात सामू ९ झाल्यास हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशापर्यंत जाते. म्हणून अतिदाट शैवाल असलेल्या तलावात दुपारची वेळही धोक्याची ठरू शकते.

शैवालांचा ऱ्हास

शैवालांची दाट वाढ अकस्मात मरून जाणे ही या व्यवसायातील सर्वांत महागात पडणाऱ्या घटनांपैकी एक आहे. सलग ढगाळ हवामान, पोषकद्रव्ये संपणे अथवा मुसळधार पावसाने लवणता एकदम उतरणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते आणि तळापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. मेलेल्या पेशी जीवाणू कुजवू लागतात. त्यात उरलासुरला ऑक्सिजन खर्ची पडतो, तर पेशींत साठलेला नायट्रोजन अमोनिया होऊन परत पाण्यात येतो. पाणी अचानक नितळ दिसणे आणि वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात फेस साचणे ही याची पूर्वलक्षणे आहेत. पहाटे कोळंबी पृष्ठभागाशी किंवा बांधाच्या कडेला जमू लागली, तर हाताशी थोडाच वेळ उरलेला असतो. अशा वेळी खाद्य थांबवून सर्व वायुवीजक यंत्रे चालू ठेवावी लागतात. दाट शैवाल मारण्यासाठी मोरचूद वापरणे म्हणजे हाच ऱ्हास हाताने ओढवून घेणे होय. शिवाय कमी अल्कतेच्या पाण्यात तांबे कोळंबीलाही विषारी ठरते.

मापन व व्यवस्थापन

पारदर्शकता सेक्की तबकडीने मोजतात. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी ही पद्धत १८६५ मध्ये वापरात आणली. तबकडी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाल्यास शैवालांची घनता योग्य मानतात. तबकडी नसल्यास पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का, हे पाहतात. दोन्ही पद्धतींत गाळाने गढूळ झालेले पाणी शैवालयुक्त समजले जाण्याचा संभव असतो, म्हणून पाण्याचा रंगही पाहणे आवश्यक आहे. सामू पहाटे व दुपारी असा दोनदा मोजतात. दोन्ही नोंदींत ०.५ पेक्षा अधिक फरक असल्यास चुना किंवा डोलोमाइट देऊन अल्कता वाढवली जाते. डायाटम टिकवण्यासाठी नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या जोडीला सिलिकेट लागते. फॉस्फरस फार आणि नायट्रोजन कमी झाल्यास नील-हरित शैवाले वरचढ होतात. त्यांतील काही जातींमुळे कोळंबीच्या मांसाला मातकट वास येतो.

सांडपाणी

काढणीच्या वेळी तलाव रिकामा केला जातो, तेव्हा शैवाले आणि पोषकद्रव्ये खाडीत जातात व तेथे नवी वाढ घडवू शकतात. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात किनारी कोळंबी प्रकल्पांवर कठोर निर्बंध घातले. त्या निकालात नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या पाहणी अहवालांचा आधार घेण्यात आला होता. पुढे २००५ च्या कायद्याने किनारी जलसंवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. सांडपाणी सोडण्यापूर्वी ते निवळण तलावात थांबवणे हा त्यावरील मुख्य उपाय आहे. लहान शेतकऱ्यांना मात्र त्यासाठी उत्पादनाखालील क्षेत्राचा काही भाग सोडावा लागतो.